तळखोलीतला उबारा

१

बोम्मसंद्रच्या त्या लॅबच्या तळखोलीत लॅबचे प्रमुख श्रीकंठय्या सर पालथे पडलेले सापडले, तेव्हा टेबलावरची काचेची कुपी जागची हललेलीसुद्धा नव्हती. जेवायला वर आले नाहीत म्हणून लॅबमधला रुद्रेश बघायला गेला होता. पायऱ्या संपतात तिथेच सर पडले होते. अंगात स्वेटर, डोळ्यांवर ऑपरेशननंतरचा काळा चष्मा. जखम नाही, झटापट नाही. कोपऱ्यावरच्या दवाखान्यातला डॉक्टर आला, हृदयाचं जुनं दुखणं ऐकून घेतलं आणि तेच कारण लिहून गेला.

ही सोमवारची गोष्ट. मंगळवारी सकाळी जलजाक्षीबाई उडुपा तिथे पोचल्या, त्या ठरलेल्या वार्षिक तपासणीसाठी. दवाखाने आणि कारखाने आपले तापमानाचे सेन्सर ज्या लॅबकडून पारखून घेतात, त्या लॅबच नीट आहेत की नाहीत हे बघणं बाईंचं काम. नोकरीच्या पहिल्या दिवशी थर्मामीटर हातात कसा धरायचा हे त्यांना शिकवलं होतं ते याच श्रीकंठय्यांनी. फाटकाशी माणसं घोळक्याने उभी दिसली आणि सर गेल्याचं बाईंना तिथेच कळलं.

लॅबचे मालक दयाकर शेट्टी पुढे आले. मूळचा धंदा हॉटेलांचा, ही लॅब नंतर घेतलेली. डोळे सुजले होते.

“या मॅडम. वेळ वाईट आहे. पण तपासणी लांबली तर आमची मान्यता संपते. सर असते तर म्हणाले असते, काम थांबवू नका.”

“सर असते तर म्हणाले असते, शेट्टी, आधी दोन घास खा. कालपासून पोटात काही नसेल तुमच्या. मला खाली जाऊ द्या.”

जिन्यापाशी सब-इन्स्पेक्टर तिप्पेस्वामी फोनवर कुणाशी तरी बोलत उभे होते. बाई सरांच्या जुन्या सहकारी म्हटल्यावर त्यांनी फोन बंद केला.

“मुलगा परदेशातून येईपर्यंत देह शवागारात ठेवलाय. बाकी गडबड काही नाही, अम्मा. खाली खोलीच्या तापमानाची रेषा कॉम्प्युटरवर उमटत असते. इतकी बारीक, की माणूस आत गेला तर त्याच्या उबेने चढते म्हणे. काल सगळे कामाला लागल्यावर रेषा चढली, तासाभराने उतरली. म्हणजे तोवर सर जिवंत. त्या वेळी शेट्टी आणि रुद्रेश वर एकमेकांसमोर होते. सरांच्या हाताखालच्या वेदवती मॅडम होसूरला ग्राहकाकडे. संशय घ्यायला माणूसच उरत नाही.”

“काल काढलेले फोटो आहेत?”

तिप्पेस्वामींनी फोन पुढे केला. बाईंनी सरांचा फोटो झटकन सरकवला आणि टेबलाचा फोटो मोठा केला. कुपी स्वच्छ दिसत होती. आत नुसतं पाणी.

ती कुपी म्हणजे लॅबचं देवघर. अतिशुद्ध पाणी भरून कायमची मिटवलेली काच. तिच्या मधल्या नळीत सुका बर्फ, म्हणजे गोठवलेला कार्बन डायऑक्साइड भरला, की पाण्यात नळीभोवती बर्फाचा जाड सदरा चढतो. पाणी, बर्फ आणि वाफ तिथे एकत्र नांदतात आणि तसं झालं की तापमान एकच, जगात कुठेही तेच, शून्याच्या केसभर वर. लॅबचा मुख्य थर्मामीटर खरं बोलतो की नाही, ते त्या कुपीत घालून बघायचं. सर सोमवारी तेच करणार होते. डोळ्यांच्या ऑपरेशनासाठी घेतलेल्या लांबलचक सुट्टीनंतरचा तो त्यांचा पहिला दिवस.

“बर्फ कुठेय?” बाई म्हणाल्या.

“कसला बर्फ?”

“कुपीतला. या कामात त्यांची हयात गेली. तासभरात त्यांनी कुपी गोठवून वर कॉफीही घेतली असती. इथे सुरुवातसुद्धा नाही. मग तासभर ते करत काय होते?”

तिप्पेस्वामींनी फोटो परत पाहिला. त्यांना नुसतंच पाणी दिसलं.

२

रुद्रेशला बाईंनी फाटकाबाहेरच्या कॉफीच्या गाडीवर नेलं. लॅबचे कॉम्प्युटर आणि गारव्याची यंत्रं तोच सांभाळायचा. हातातला पेला त्याने तसाच धरून ठेवला होता.

“तू खाली गेलास तेव्हा खोलीतली हवा बाहेर फेकणारा पंखा चालू होता?”

“होता, अम्मा. भरभर फिरत होता. म्हणून तर कुणी वायूचं नाव काढलं नाही. सुक्या बर्फाचा वायू जड, खड्ड्यात साचतो आणि माणसाला गुदमरवतो, हे इथल्या झाडूवालीलाही पाठ आहे. सरच सगळ्यांना दटावून सांगायचे.”

“सुका बर्फ किती होता?”

“तेच तर. शनिवारी चार खोकी आली. एरवी एकात भागतं. खोक्यांवर सरांचं नाव होतं, म्हणून मी सगळी खाली नेऊन ठेवली. म्हटलं, म्हातारा इतक्या दिवसांनी येतोय, हिमालय उभा करणार की काय.” तो हसायला गेला आणि मध्येच थांबला. “सोमवारी चारही रिकामी होती.”

“आणि खोलीची ती रेषा?”

“ती रेषा माझ्या डोक्याचा ताप आहे. दर रविवारी कशी पट्टीने ओढल्यासारखी सरळ. इतर दिवशी सकाळी एक फुगवटा. दोनदा कॉम्प्रेसर उघडला मी, तरी जात नाही. काल ते पोलीस मला शिकवतात, माणसाच्या उबेने येतो म्हणून. मी म्हटलं, साहेब, माणूस काय शेगडी आहे?”

“सरांनी कधी सांगितलं नाही तुला?”

“सर मला खाली थांबू कुठे द्यायचे? मोजमाप चालू असलं की दाराबाहेर. आत फक्त ते आणि वेदवती मॅडम.” त्याने उरलेली कॉफी रस्त्यावर ओतली. “मॅडमचं काल बघवत नव्हतं. होसूरहून धावत आल्या, इतक्या रडल्या. मग तशाच रडत कॉम्प्युटरवर बसून संध्याकाळपर्यंत ग्राहकांना कळवत होत्या.”

बाई परत आल्या तर शेट्टी केबिनच्या दारात वाट बघत उभे. त्यांनी बाईंना आत घेतलं आणि दार लोटलं.

“मॅडम, पोलिसांना सांगितलं नाही, तुम्हाला सांगतो. हवेचा तो पंखा मी बंद करायला लावला होता. सर नाहीत, खोलीत कुणी फारसं जात नाही, उगाच वीज कशाला जाळायची म्हणून. शनिवारीही तो बंदच होता. मी रात्रभर विचार करतोय. सरांना मी मारलं का?”

“पंख्याचं बटण कुठे असतं?”

“ठाऊक नाही. माझे गुडघे हे असे. लॅब घेतल्यापासून त्या खोलीत मी एकदाही उतरलेलो नाही.”

बटण कुठे होतं ते बाईंना माहीत होतं. खोलीच्या पार टोकाला, टेबलामागच्या भिंतीवर. खाली गेलं की सर आधी ते दाबत, मग चष्मा पुसत. पण सर पडले होते पायऱ्यांच्या तोंडाशी. बटणापर्यंत ते पोचलेच नव्हते.

मग शनिवारी बंद असलेला पंखा सोमवारी फिरत कसा होता?

३

दुपारी बाईंनी नवा सुका बर्फ मागवला, तळखोलीची दारं सताड उघडी टाकली, पंखा लावला आणि कुपी स्वतः गोठवायला घेतली. मदतीला वेदवती आली. चाळिशी ओलांडलेली, कडक इस्त्रीची सुती साडी. सरांची सगळ्यात जुनी शिष्या. सरांच्या मागे खुर्ची तिचीच, हे सगळे धरून चालले होते.

“अक्का, आजच कशाला? मला नाही जमायचं.”

“सरांचं राहिलेलं काम आहे. तू नळी पुसून दे नुसती.”

कुपीत बर्फाचा सदरा चढला, पारदर्शक, काचेहून नितळ. कुपी कलती केली की तो नळीभोवती मोकळा फिरत होता. बाईंनी मुख्य थर्मामीटर पेटीतून काढला. काचेची लांब काडी आणि तिच्या टोकात प्लॅटिनमच्या तारेचे वेढे. तो त्यांनी कुपीत सोडला आणि दोघी आकडा थांबायची वाट बघत बसल्या.

“सर नव्हते तेव्हा याची पारख कोण करत होतं?” बाईंनी विचारलं.

“मीच. कधी रुद्रेश आकडे भरायचा. शेट्टी सर ग्राहकांना दाखवायला पेटी वर मागवायचे. हा सगळ्यांच्या हातांत फिरलाय, अक्का.”

“आणि दुसरा थर्मामीटर?”

“तो पारखायला दिल्लीला पाठवलाय. अजून आला नाही.”

आकडा स्थिरावला. बाईंनी तो वाचला, जोडणी काढून पुन्हा लावली, पुन्हा वाचला. नियमाने जिथे केसाइतका फरक खपवून घेतला नसता, तिथे थर्मामीटर एक अंशाहूनही खाली दाखवत होता. आतले तारेचे वेढे एकमेकांना चिकटले होते. असं कुठल्या झिजेने होत नाही, आपटल्याने होतं.

बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. या थर्मामीटरशी ताडून लॅबने गेले कित्येक आठवडे सेन्सर पारखले होते. याने कमी दाखवलं म्हणून सगळ्या सेन्सरना कमी दाखवायला शिकवलं गेलं.

“या काळात कुठले सेन्सर गेले इथून?”

वेदवती कुपीकडे बघत होती. “नवजात बाळांच्या वॉर्मरचे. जिल्ह्याजिल्ह्याच्या दवाखान्यांत.”

बाळाच्या पोटावर चिकटवलेला सेन्सर अंशभर कमी दाखवतो. यंत्राला वाटतं, बाळ गार पडलंय. ते आणखी तापवतं. आणि अपुऱ्या दिवसांचं बाळ, ज्याला धड रडताही येत नाही, ते तापत राहतं.

४

“मग शेट्टीच,” तिप्पेस्वामी म्हणाले. वरच्या मजल्यावर कॉम्प्युटरसमोर ते आणि बाई असे दोघेच होते. “म्हाताऱ्याने थर्मामीटर बघितला असता तर लॅबला कुलूप लागलं असतं. पंखाही त्यानेच बंद करवला, असं तुम्हीच सांगितलंत. रविवारी खोली वायूने भरू दिली. सोमवारी म्हातारा उतरला आणि दोन श्वासांत आडवा.”

“इथवर बरोबर. पण कधी आडवा झाला?”

“रेषा सांगते ना.”

“रेषा काढा.”

सोमवारची रेषा पडद्यावर आली. पहाटेपासून सपाट. मग हळूहळू चढ, तासाभराचा फुगवटा, उतार आणि पुन्हा सपाट. जेवणाच्या वेळेला एकदम उंच उसळी.

“ही उसळी म्हणजे रुद्रेश आणि मागून धावलेली माणसं,” बाई म्हणाल्या. “ती खरी आहे. आता फुगवटा बघा. उबारा आला, तासभर टिकला आणि गेला. कुठे गेला?”

“सर वारले ना.”

“माणूस मेला म्हणून लगेच गार पडत नाही, साहेब. तुम्ही माझ्याहून जास्त प्रेतं पाहिली असतील. कित्येक तास अंग कोमट असतं. ते हळूहळू निवतं आणि तेवढी ऊब खोलीत उतरत राहते. ही रेषा तर झपकन खाली आलीय. ऊब असलेला माणूस उठून दाराबाहेर गेला की अशी येते. सर तर रुद्रेश येईपर्यंत तिथेच पडून होते.”

तिप्पेस्वामींनी खुर्ची पुढे ओढली.

“ही सोमवारची रेषा नाही,” बाई म्हणाल्या. “दुसऱ्या कुठल्या तरी दिवसाचा तुकडा इथे बसवलाय. खरी रेषा असती तर रविवारपासून खोली गारठत गेलेली दिसली असती, सुक्या बर्फाने. सर गेले ते भल्या सकाळी, पाऊल टाकताक्षणी. म्हणून कुपीत बर्फ नाही. आणि ते गेल्यावर कुणीतरी आत उतरलं, श्वास रोखून, त्यांना ओलांडून पलीकडे गेलं आणि पंखा लावला, म्हणजे वायू निघून जावा. तेव्हाच त्यांना ओढून बाहेर काढलं असतं तर कदाचित वाचले असते.”

तिप्पेस्वामी म्हणाले, “रेषा बदलायची तर रुद्रेशचंच काम. कॉम्प्युटर त्याच्याच हातात.”

“रुद्रेशला तो फुगवटा कॉम्प्रेसरचा बिघाड वाटतो. त्याने बदलली असती तर आपला लाडका सरळ रविवार बसवला असता. शेट्टी तर कधी खाली उतरलेच नाहीत. त्यांना रेषेतलं ओ की ठो कळत नाही. ज्याने तुकडा निवडला, त्याने मुद्दाम माणसाचा उबारा असलेला निवडला, म्हणजे सर उशिरापर्यंत जिवंत दिसावेत. खोलीला माणूस कळतो हे त्याला ठाऊक होतं. साहेब, रेषा माणसाच्या उबेने चढते, हे काल तुम्हाला कुणी समजावलं?”

तिप्पेस्वामींचा हात टोपीकडे गेला आणि तिथेच थांबला.

“वेदवती मॅडमनी,” ते म्हणाले.

५

वेदवती वरच्या गच्चीवर होती. पलीकडे कारखान्यांची पत्र्याची छपरं उन्हात तापून पांढरी दिसत होती. बाई तिच्या शेजारी कठड्याला टेकल्या. तिप्पेस्वामी जिन्याच्या तोंडाशीच थांबले.

“तो उबारा तुझा आहे ना गं?” बाईंनी विचारलं. “सर सुट्टीवर असतानाचा कुठला तरी दिवस. खाली तूच एकटी बसायचीस.”

वेदवतीने नाही म्हटलं नाही. पदराचं टोक ती बोटाला गुंडाळत राहिली.

“थर्मामीटर पुसताना निसटला, अक्का. टेबलाच्या कडेवर आपटला. काच फुटली नाही, म्हणून मला वाटलं वाचला. कुपीत घातला तर आकडा घसरलेला. म्हटलं, उद्या शेट्टी सरांना सांगू. दुसऱ्या दिवशी वॉर्मरचे सेन्सर येऊन पडले, खोकीच्या खोकी. शेट्टी सर म्हणाले, आठवड्यात हवेत. मी म्हटलं, सर परत आले की त्यांनाच सांगू.”

“आणि पारखीचे आकडे?”

“जुनेच भरत गेले.” तिचा आवाज खाली गेला. “मग एका दवाखान्यातून फोन आला. बाळांना ताप चढतोय, तुमचे सेन्सर एकदा बघा म्हणाले. मी म्हटलं, आमचे सेन्सर चुकत नाहीत. ते वाक्य तोंडातून गेलं आणि मग मागे फिरायला वाटच राहिली नाही. शुक्रवारी सरांचा फोन. म्हणाले, वेदा, सोमवारी कुपी गोठवतो, आधी आपला थर्मामीटर बघू.”

“ओरडले असते. कामावरून काढलं असतं. आणखी काय केलं असतं त्यांनी?”

“ते ओरडत नाहीत. तुम्हाला माहितेय ते. त्यांनी काडी पुसून पेटीत ठेवली असती आणि विचारलं असतं, केव्हा? मला त्याचं उत्तर द्यायचं नव्हतं. ती चार खोकी त्यांच्या नावाने मीच मागवली.” ती पहिल्यांदाच बाईंकडे वळली. “सोमवारी भल्या सकाळी ते उतरले तेव्हा, होसूरला निघण्याआधी, मी वर जिन्यापाशी होते. हाक मारणार होते. खरंच मारणार होते, अक्का.”

बाईंच्या हातून त्या क्षणी तिला चपराक बसली असती. त्यांनी दोन्ही हात कठड्यावर घट्ट दाबून धरले. खाली कुठल्याशा कारखान्याचा भोंगा झाला आणि माणसं फाटकाबाहेर सांडायला लागली.

“सरांचं झालं ते झालं,” त्या म्हणाल्या. “त्याची चौकशी हे साहेब करतील. मला फक्त एक सांग. तो केव्हा पडला? भरलेले आकडे खोटे आहेत, त्यांच्यावरून मला काही कळणार नाही. त्या दिवसानंतर इथून गेलेला एकेक सेन्सर आज बंद व्हायला हवा. आत्ताही त्यांच्या भरवशावर बाळं आहेत. केव्हा, वेदा?”

वेदवतीने डोळे मिटले.

“उगादीच्या आदल्या दिवशी,” ती म्हणाली. “संध्याकाळी.”

मग ती आपण होऊन तिप्पेस्वामींकडे चालत गेली.

बाई शेट्टींच्या केबिनमध्ये जाऊन बसल्या. उगादीनंतर, म्हणजे पाडव्यापासून पुढे, माल कुठे कुठे गेला ते शेट्टी सांगत होते, रुद्रेश फोन जोडून देत होता. दवाखान्यामागून दवाखाने. कुठे चिडलेला कारकून, कुठे नुसतं हो, बंद करतो. शेट्टींनी एकदाही लॅबचं काय होणार असं विचारलं नाही. ते फक्त पुढचं नाव सांगत राहिले.

उरलेल्यांपैकी एक तालुक्याचा दवाखाना होता, हासनच्या पुढे डोंगरात. स्पीकर लावलेल्या फोनवर एक तरुण डॉक्टरीण आली. बाईंनी सांगितलं ते तिने मध्ये न बोलता ऐकलं. मग तिची पावलं ऐकू आली, काहीतरी खटकन बंद झालं आणि ती परत फोनवर आली.

“बंद केलं. बाळाला आईच्या छातीशी दिलंय.” ती थांबली. “मॅडम, आमच्याकडे या उन्हाळ्यात दोन बाळं तापात गेली. जंतुसंसर्ग समजून आम्ही औषधं देत राहिलो. आयांनाही तेच सांगितलं.”

जलजाक्षीबाईंनी त्या दवाखान्याचा पत्ता कागदावर उतरवून घेतला.

“त्यातली एक अजून रोज येते,” डॉक्टरीण म्हणाली. “घरी बसवत नाही म्हणते. दूध काढून देते, इतरांच्या बाळांसाठी. आत्ता बाहेर बाकावर बसलीय. तिला मी काय सांगू?”

शेट्टींनी मान खाली घातली. रुद्रेश दारातून बाहेर गेला.

“तुम्ही काही सांगू नका,” बाई म्हणाल्या. त्यांनी पायाशी ठेवलेली पिशवी खांद्याला लावली होती. “तिला फक्त थांबवून घ्या. यंत्र खरं दाखवतंय असा दाखला आमच्या लोकांनी दिला होता. मी निघालेय. मी सांगते तिला.”